भोपळ्याची बी फोडताना

भोपळा चिरला की आपण सगळ्यात आधी त्याचं पोट रिकामं करतो. बोटांनी किंवा चमच्यानं खरवडून काढलेला तो चिकट, दोऱ्यादोऱ्यांचा गोळा आणि त्यात अडकलेल्या बिया सरळ ओल्या कचऱ्यात जातात. मग साल काढायची, फोडी करायच्या, मेथ्यांची फोडणी द्यायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललंय आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही. मला वाटतं. कारण माणसानं भोपळा लावला तो मुळात या बियांसाठी.

मेक्सिकोच्या वाहाका राज्यात गिला नाकित्स नावाची एक गुहा आहे. तिथं १९६६ साली उत्खनन झालं तेव्हा जुन्या भोपळ्यांच्या बिया, देठ आणि सालींचे तुकडे सापडले. त्यांचं वय पुढे नव्या पद्धतीनं मोजलं गेलं आणि १९९७ साली प्रसिद्ध झालं. सर्वात जुनी बी निघाली सुमारे १०,००० वर्षांपूर्वीची. जंगली भोपळ्याच्या बियांपेक्षा या बिया आकारानं मोठ्या होत्या, म्हणजे कुणीतरी त्या निवडून, राखून, पुन्हा लावलेल्या होत्या. मका आणि घेवडा तिथल्या शेतात यायला अजून हजारो वर्षं होती. जंगली भोपळ्याचा गर पातळ आणि कडूजहर असतो. दुधी चिरताना आपल्याकडे आधी टोकाचा तुकडा जिभेवर ठेवून बघतात, तो कडूपणा याच कुळातला. गर खाण्यासारखा नव्हता, बी होती. बीसाठी वेल राखला गेला, आणि वेल राखला म्हणून पुढे गोड, जाड गराची फळं निवडता आली. भरीत, घारगे, भाजी हे सगळं नंतरचं.

आपल्या मंडईतला लाल भोपळाही मूळचा अमेरिका खंडातलाच. समुद्र ओलांडून आला आणि इथं इतका रुळला की अनेक घरांत तो उपवासाला चालतो आणि श्राद्धाच्या पानातही असतो. गर आपण असा घरात घेतला. बियांचं काय करायचं, हे मात्र बहुतेक घरांनी ठरवलंच नाही.

भाजलेल्या बियांचा डबा मी ऑफिसात नेते, तेव्हा दरवेळी एकच प्रश्न येतो. टरफलासकट खायच्या की सोलून? टरफलासकट चावून खाणारे म्हणतात, सगळं सत्त्व सालीत असतं. सोललेल्या खाणारे हिरव्या बियांचं पाकीट दाखवतात आणि म्हणतात, एवढा कुणाला वेळ आहे? माझं उत्तर या दोघांहून वेगळं आहे. टरफल पोटात जाऊ देऊ नये, पण बी हातात यावी ती टरफलासकट. सोलायची ती आपण, आपल्या दातांनी, एकेक करून. हे मी नुसतं हौसेनं म्हणत नाही. त्यामागे माझी आजी आहे, थोडं शरीरशास्त्र आहे आणि ऑस्ट्रियातलं एक पीक आहे.

आजी संगमनेरच्या बाजूची. तिकडे लाल भोपळ्याला डांगर म्हणतात. पावसाळ्यात लावलेला वेल गोठ्याच्या छपरावर चढायचा. पितृपक्षापर्यंत पहिली फळं हाताशी यायची आणि दिवाळीपर्यंत बाकीची उतरवली जायची. देठ वाळून टणक झाला आणि सालीत नख रुतेनासं झालं की डांगर पिकलं. अशी डांगरं माळ्यावर महिनोन्महिने टिकत. एखादं खाली आलं की ते फोडायला आजोबांना हाक जायची, कारण बाईमाणसानं अख्खं डांगर फोडू नये अशी समजूत. ही समजूत महाराष्ट्रात अजून पुष्कळ घरांत आहे. आजोबा कोयत्यानं पहिला घाव घालत, डांगराची दोन शकलं होत, आणि ते पुन्हा ओसरीवर जाऊन बसत. पुढचं सगळं आजीचं आणि काकूचं.

बियांचं काम त्या पुढच्या सगळ्यात मोडायचं. पाण्याच्या पातेल्यात बिया चोळायच्या. ज्या वर तरंगतात त्यांतल्या बऱ्याच फोल, त्या म्हशीला. खाली बसलेल्या निथळून सुपात पसरायच्या. कागदावर कधी नाही, कारण बियांवरचा चीक वाळला की कागद त्यांना घट्ट धरून बसतो. ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवसांत त्या खडखडीत वाळत. मग आजी त्यांचे दोन वाटे करायची. भरदार, मोठ्या, टरफलाला कुठं चीर नसलेल्या बिया राखेत घोळवून गाडग्यात जायच्या, पुढच्या आखाडात लावायला. उरलेल्या खायला.

खायच्या बिया सोलायची वेळ म्हणजे दुपारची जेवणं आवरल्यानंतरची. आजी, काकू आणि शेजारच्या एक-दोघी ओट्यावर बसायच्या. बी उभी धरायची, कडेला अंगठ्याचं नख दाबायचं, टरफलाच्या दोन पाकळ्या सुट्या करायच्या आणि आतला हिरवट पातळ गर वाटीत टाकायचा. नख वरचेवर मोडायचं. आजीच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम आखूड आणि दातेरी असायचं, ते मी लहानपणी हातात धरून बघत असे. दुपार संपायची तेव्हा वाटी कशीबशी भरलेली असायची. त्यातलं डिंकाच्या लाडवासाठी बाजूला, मूठभर आजोबांच्या हातावर, चिमूट-चिमूट आम्हा पोरांच्या. आम्ही ते एका घासात संपवायचो आणि पुन्हा हात पुढे करायचो. आजीनं सोललेली बी स्वतःच्या तोंडात टाकल्याचं मला एकदाही आठवत नाही. काकूनंही नाही.

सोललेली बी कुणीतरी सोललेली असते, हे मला त्या ओट्यावर दिसलं. म्हणून आजही पाकिटातल्या हिरव्यागार बिया मूठ भरून तोंडात टाकताना माझा हात जरा थांबतो. हे काम आता यंत्रं करतात, मला माहीत आहे. पण एका घासात किती जणांच्या दुपारी जातात, हे ज्यानं पाहिलं त्याला ती मूठ लहान वाटत नाही.

राखेतल्या बियांबद्दलही एक सांगायला हवं. संगमनेरला लागूनच अकोले तालुका आहे. तिथल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचं बियाणं वर्षानुवर्षं जपलं, वाटलं, वाढवलं, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ती बातमी टीव्हीवर आली तेव्हा आई म्हणाली, "तुझ्या आजीला हे बघायला मिळायला हवं होतं." त्या मुलखातल्या कितीतरी बायकांनी हेच काम नाव न होता केलं. ते शक्य झालं याचं अर्धं श्रेय त्यांच्या हाताला आणि अर्धं टरफलाला. टरफल धड असलं तरच बी वर्षभर तग धरते, ओल आणि बुरशी सोसते आणि पाऊस पडला की उगवते. आपल्याला जे दातात अडकतं, ते बीसाठी घर असतं.

टरफल नसलं तर काय होतं, हे ऑस्ट्रियाच्या दक्षिणेतल्या स्टायरिया प्रांतानं प्रत्यक्ष पाहिलंय. तिथं भोपळ्याच्या बियांपासून तेल काढायची परंपरा जुनी. टरफल असतं तोवर तेलासाठी बिया हातानं सोलाव्या लागत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या भोपळ्यात आपोआप एक बदल घडला. बीचं बाहेरचं आवरण लाकडासारखं कडक होईना, आत नुसता गडद हिरवा गर आणि त्यावर कागदाहून पातळ पापुद्रा. शेतकऱ्यांनी ही बी ओळखली आणि राखली. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एरिक फॉन चेरमाक यांनी या बिनटरफली भोपळ्यावर अभ्यास केला. १९०० साली मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम विस्मृतीतून बाहेर आले, त्याचं श्रेय ज्या तीन शास्त्रज्ञांना दिलं जातं त्यांतले हे एक. टरफल न बनणं हा गुण मागे राहणारा आहे, म्हणजे तो आईबाप दोन्हींकडून आला तरच दिसतो. शेजारच्या शेतातल्या साध्या भोपळ्याचे पराग मधमाश्यांनी आणले, की पुढच्या पिढीत टरफल परत.

आज स्टायरियाचं ते तेल जगभर ओळखलं जातं. १९९६ पासून युरोपीय संघात त्या नावाला भौगोलिक संरक्षण आहे, आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन आहे तसंच. ते तेल बशीत पातळ पसरलं तर हिरवं दिसतं आणि बाटलीत जाड थरातून पाहिलं तर लालसर. तिकडे ते सॅलडवर घालतात आणि व्हॅनिला आइस्क्रीमवरसुद्धा. मात्र यासाठी लावलेल्या भोपळ्याचा गर बहुतांशी शेतातच पडून राहतो, मातीत जातो. आपण बी टाकतो आणि गर खातो, ते बी घेतात आणि गर सोडतात. दोघांनी मिळून एक अख्खा भोपळा खाल्ला असं अजून झालेलं नाही.

या बिनटरफली बीचं दुखणं असं की थंड, ओल्या मातीत ती पटकन कुजते. बुरशीपुढे तिचा टिकाव लागत नाही, म्हणून पेरण्याआधी तिला औषध चोळावं लागतं, आणि सेंद्रिय शेती करणाऱ्यांना याचीच चिंता असते. कधीकधी तर ती पिकलेल्या भोपळ्याच्या आतच मोड काढते. थांबायचं कधी आणि उगवायचं कधी, यातला थांबण्याचा भाग टरफलाकडे होता. माणसानं आपली सोय बघितली आणि त्याची किंमत बीनं मोजली, असं मला वाटतं. तरी त्या शेतकऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. हिवाळ्यातल्या रात्री बिया सोलण्यात गेलेल्या घरांना ती सोय म्हणजे सुटका वाटली असणार. आजीलाही वाटली असती.

आता खाण्याकडे येते. बाजारात मिळणाऱ्या हिरव्या बिया घेताना पाकीट उलटं करून बघा, मूळ देश म्हणून बऱ्याचदा चीनचं नाव असतं. चीनमध्ये भोपळ्याच्या बियांचं पीक फार मोठं. सोलून विकायच्या बियांचे वाण वेगळे, आणि टरफलासकट भाजून फोडत बसायच्या पांढऱ्याशुभ्र बियांचे वेगळे. पौष्टिकतेत या बिया खरंच भारी आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात १०० ग्रॅम सोललेल्या सुक्या बियांत सुमारे ३० ग्रॅम प्रथिनं, ४९ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि ५५९ कॅलरी दिल्या आहेत, शिवाय मॅग्नेशियम आणि जस्त भरपूर. टरफलासकट भाजलेल्या १०० ग्रॅम बियांत प्रथिनं साडेअठरा ग्रॅम, स्निग्धांश १९ ग्रॅम आणि तंतू १८ ग्रॅम. सोललेल्यांत तंतू फक्त ६ ग्रॅम.

हा १८चा आकडा दाखवून टरफल चावून खाण्याचा आग्रह धरला जातो. तो मला मान्य नाही. ते तंतू म्हणजे मुख्यतः लाकडात असतात तेच पदार्थ, आणि त्यातलं फारसं काही आपल्या पोटात पचत नाही. चार-दोन कुरकुरीत बिया टरफलासकट गेल्या तर निरोगी माणसाचं काही बिघडत नाही. पण मुठीच्या मुठी गेल्या की त्या तुकड्यांचा मोठ्या आतड्याच्या शेवटाला गच्च गोळा बसू शकतो, आणि तो डॉक्टरांना काढावा लागतो. भूमध्य समुद्राच्या आसपासच्या ज्या देशांत बिया खाण्याची मोठी सवय आहे, तिथल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या, लहान मुलांच्यासुद्धा, नोंदी करून ठेवल्या आहेत. लहान मुलांना तर टरफलाची बी देऊच नये, घशात अडकते. आतड्याचा जुना त्रास असलेल्यांनीही टरफलाच्या वाटेला जाऊ नये. तंतू हवे असतील तर ज्वारीची भाकरी आहे, मेथीची भाजी आहे.

आणि सोललेल्या पाकिटाची अडचण उलटी. तीस ग्रॅम, म्हणजे लहानशी मूठ, साधारण १७० कॅलरी. ती मूठ एका मिनिटात संपते आणि हात पुन्हा पाकिटात जातो. तेवढाच गर टरफल फोडून मिळवायचा तर चांगला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात पोटाला कळतं, जिभेचं समाधान होतं आणि हात आपणहून थांबतो. डाएटचा तक्ता लिहिणाऱ्यांनी टरफलाचा हा उपयोग कधी मोजला नाही.

दातांनी बी फोडायला मला आजीनं शिकवलं नाही, ती नखानंच सोलायची. पुण्यात कॉलेजला असताना आमच्या वर्गात इराणी मुली होत्या, त्यांच्याकडून ते आलं. घरून कुणी आलं की त्यांच्यासाठी बियांच्या पिशव्या यायच्या, भोपळ्याच्या, टरबुजाच्या, सूर्यफुलाच्या. तोख्मे म्हणतात त्यांना. डिसेंबरमधली सर्वात मोठी रात्र, शबे-यल्दा, त्या जागून साजरी करत. मधे डाळिंबं, कलिंगड, सुकामेवा आणि बिया. शिराझची माझी मैत्रीण बोलता बोलता बी तोंडाकडे न्यायची, कट् असा आवाज व्हायचा, टरफल हातात परत आणि वाक्य पुढे चालू. गोष्ट रंगात आली की कट् थांबायचं, आणि तेवढ्यावरून कळायचं की आता महत्त्वाचं काहीतरी येणार. तिनं दाखवलेली रीत अशी: बी आडवी चावायची नाही. टोकाची बाजू आत करून, कडेवर उभी, पुढच्या दातांत हलकेच धरायची. दाबायचं, चिरडायचं नाही. शिवण उसवते, जिभेनं गर ओढून घ्यायचा. ज्यांची ही रोजची सवय असते त्यांच्या पुढच्या दाताला कालांतरानं बारीक खाच पडते, तेव्हा बेतानंच.

ग्रीसमध्ये फुटबॉलच्या मैदानावर आणि उघड्या सिनेमागृहात, तुर्कस्तानात चहाच्या टेबलावर, चीनमध्ये नव्या वर्षाच्या पाहुण्यांसमोर, बिया अशाच फोडल्या जातात. आपल्याकडे भुईमुगाच्या शेंगांनी ती जागा घेतली. टिळकांच्या गोष्टीमुळे टरफलं म्हटलं की मराठी माणसाला आधी शेंगाच आठवतात आणि ती उचलायची कुणी हा वाद. आमच्या घरी बिया फोडायला बसलं की ज्याची टरफलं त्यानं उचलायची, असा नियमच आहे. ती कुंडीत टाकली तर हळूहळू कुजतात.

करायची रीत सोपी आहे. मंडईत कापलेली फोड घेताना बियांसकट द्या म्हणून सांगायचं, काही जण आधीच काढून ठेवतात. पूर्ण पिकलेल्या, गडद केशरी गराच्या भोपळ्याचीच बी भरते, कोवळ्याची पातळ राहते. बिया धुऊन खाऱ्या पाण्यात रात्रभर ठेवायच्या, म्हणजे मीठ टरफलात मुरतं. मग निथळून दोन दिवस ऊन द्यायचं आणि लोखंडी कढईत मंद आचेवर हलवत राहायचं. एखाददुसरी बी टपकन फुटून उडते, तेव्हा झाकण हाताशी असू द्यावं. रंग किंचित बदलला, खमंग वास सुटला की उतरवायच्या. गरम असताना फोडू नका, गर मऊ असतो आणि टरफलाला धरून निघतो. पूर्ण गार झाल्यावर ती शिवण कशी सहज उसवते बघा.

माझ्या बाबांना आता कवळी आहे. बी दातांत धरणं त्यांना जमत नाही. गेल्या वर्षीपर्यंत मीच त्यांच्यासाठी सोलून ठेवायची. टरफलाच्या बाजूनं मी एवढं बोलते, पण ज्याला फोडता येत नाही त्याच्यासाठी कुणीतरी सोललीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मग एका दुपारी त्यांनी माझं काम बघितलं आणि नेलकटर मागून घेतलं. बीची कड नेलकटरनं कापत गेलं की टरफल आपोआप उघडतं, नख मोडत नाही. आता निवृत्त माणसाच्या शिस्तीनं ते रोज दुपारी चारला बाल्कनीत बसतात. रेडिओ लावतात, मांडीवर ताटली घेतात आणि सोलत राहतात. त्यांच्या वडिलांनी डांगराला घाव घालण्यापलीकडे बियांना कधी हात लावला नव्हता. बाबा वाटी भरली की आधी आईला नेऊन देतात. आई ती तिथंच बसून सगळी खाते, लाडवासाठी म्हणून काही मागे ठेवत नाही.